राग : एक शब्द, अनेक भाषा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं काम भाषांतराचं. हिंदी आणि बंगालीतून मराठीत. अवघड शब्द आला की आपण निमूटपणे कोश उघडतो. ओळखीचा शब्द मात्र न विचारता पुढे जातो आणि छापून आल्यावर दगा देतो. ‘राग’ हा त्या जातीचा शब्द. त्याच्यावरून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, आणि जे मी स्वतः फसल्यावर स्वतःला विचारले, ते इथे एकत्र केले आहेत.

‘मला राग आला’ मधला राग आणि ‘राग यमन’ मधला राग, हा एकच शब्द आहे की योगायोगाने सारखे दिसणारे दोन?

एकच. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘रञ्ज्’ हा धातू. अर्थ : रंगणं, रंग चढणं, रंगवणं. रक्त, रंजन, अनुराग, विरक्त, वैराग्य, आरक्त ही सगळी त्याचीच प्रजा. मराठीत आपण ‘मैफल रंगली’ म्हणतो आणि ‘मन रंजवणं’ म्हणतो, तेव्हा याच घरात वावरत असतो.

मूळ अर्थ ‘रंग’ होता याला काही आधार, की नुसती व्युत्पत्तीची कसरत?

आधार पाणिनीचा आहे, म्हणजे यापेक्षा भक्कम मिळणं कठीण. अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचं पहिलंच सूत्र आहे : ‘तेन रक्तं रागात्’. कापड एखाद्या रंगद्रव्याने रंगवलेलं असेल, तर त्या द्रव्याच्या नावाला प्रत्यय लावून कापडाचं विशेषण करायचं. कषायाने रंगवलेलं ते ‘काषाय’, मंजिष्ठेने रंगवलेलं ते ‘माञ्जिष्ठ’. सूत्रातल्या ‘रागात्’ चा अर्थ ‘रंगद्रव्याच्या नावानंतर’ एवढाच. इथे ना सूर, ना संताप, ना प्रेम. रंगाऱ्याच्या कढईत उकळतंय ते म्हणजे राग.

हा अर्थ जुन्या समासांमध्ये अजून जिवंत आहे. अंगराग म्हणजे अंगाला लावायची उटी. पद्मराग म्हणजे माणिक, कारण त्याचा रंग लाल कमळासारखा.

मग ‘रंग’ हा शब्द वेगळा कशासाठी?

तोही याच धातूचा. त्यातली गंमत अशी की दोघांमधला फरकही पाणिनीने सूत्रात बांधून ठेवला आहे. ‘घञि च भावकरणयोः’ (६.४.२७) : क्रिया किंवा तिचं साधन सांगायचं असेल तर ‘रञ्ज्’ मधला अनुनासिक गळतो आणि ‘राग’ तयार होतो. इतरत्र तो टिकतो आणि ‘रंग’ तयार होतो. लोक जिथे रंगून जातात ती जागा म्हणजे रंग. रंगभूमी, रंगमंच हे शब्द तिथूनच आले.

आणि मराठीने काय केलं? दोघांना पुन्हा एकत्र बांधलं. ‘त्याचा रागरंग काही ठीक दिसत नाही’ असं आपण सहज बोलतो. एकाच धातूची दोन पोरं, व्याकरणाने वेगळी केलेली, एका बोलीभाषेतल्या वाक्यात खांद्याला खांदा लावून उभी. मला हा शब्द फार आवडतो.

रंगाचं प्रेम कसं झालं?

पांढरं कापड रंगात बुडवलं की ते पहिल्यासारखं राहत नाही. मनाचंही तसंच, असं मानलं गेलं. एखाद्या गोष्टीचा मनावर रंग चढला की राग, त्याच्या मागोमाग चढत गेला की अनुराग, उतरला की विराग. ‘विरक्त’ म्हणजे शब्दशः ज्याचा रंग उतरला आहे तो. बैरागी, वैरागी यांचं मूळही हेच.

पतंजलीने योगसूत्रांत दोन सूत्रं लागोपाठ ठेवली आहेत : ‘सुखानुशयी रागः’ (२.७) आणि ‘दुःखानुशयी द्वेषः’ (२.८). सुखाच्या मागे रेंगाळत राहणारी ओढ म्हणजे राग. आपण ज्याला राग म्हणतो ते पतंजलीच्या हिशेबात दुसऱ्या सूत्राच्या बाजूला पडतं! ‘रागद्वेष’ हा जोडशब्द मराठीत वाचताना बहुतेकांना ‘चिडणं आणि तिरस्कार करणं’ असं काहीतरी वाटतं. तो खरं तर ओढ आणि तिटकारा अशी दोन विरुद्ध टोकं सांगतो.

मग मराठीत त्याच शब्दाचा अर्थ संताप कसा झाला? एवढं उलटं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन वाटा सांगतात.

पहिली वाट तत्त्वज्ञानाची. गीतेत रजोगुण ‘रागात्मक’ आहे (१४.७), आणि काम नि क्रोध दोन्ही त्याच रजोगुणातून निपजतात (३.३७). संगातून काम, कामातून क्रोध अशी साखळीही गीतेतच आहे (२.६२). ओढ अडली की भडका उडतो, म्हणून ओढीचा शब्द भडक्याला चिकटला.

दुसरी वाट चेहऱ्याची. ‘राग’ म्हणजे नुसता रंग असला तरी तो बहुतेक वेळा लाल रंग. संतापलेल्या माणसाचे कान, नाक, डोळे लाल होतात. रामायणात चिडलेल्या वीरासाठी ‘क्रोधसंरक्तलोचन’ हे विशेषण येतं : क्रोधाने डोळे लाल झालेला. त्यातला ‘संरक्त’ पुन्हा ‘रञ्ज्’ चाच. म्हणजे संस्कृतात क्रोध हा रंगारी होता आणि राग हा त्याने डोळ्यांना दिलेला रंग. बोलीभाषेने मधला रंगारी काढून टाकला आणि रंगालाच त्याचं नाव दिलं.

मला दुसरी वाट जास्त पटते. सामान्य माणसाच्या तोंडात शब्द वळतो तो बऱ्याचदा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून. ‘लालबुंद होणं’ आपण आजही म्हणतोच. पण दोन्ही वाटा एकाच चौकात येतात, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

याला जोड म्हणून आणखी एक उदाहरण. वर आलेला ‘कषाय’ हा शब्द जैन परिभाषेत मनाच्या चार विकारांसाठी वापरतात : क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ. म्हणजे रंगाऱ्याच्या कढईतून निघून क्रोधापर्यंत पोचलेला ‘राग’ हा एकटाच शब्द नाही.

‘वीतराग’ म्हणजे ज्याला राग येत नाही असा का?

नाही, आणि या चुकीचा मासला गीतेतच पाहता येतो. स्थितप्रज्ञाच्या वर्णनात ‘वीतरागभयक्रोधः’ (२.५६) असं पद आहे. तीन गोष्टी गेलेल्या आहेत : राग, भय, क्रोध. राग म्हणजे क्रोध असता तर एकाच समासात तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी झाली असती. विनोबांनी ‘गीताई’त या जागी ‘तृष्णा’ हा शब्द घेतला आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘राग’ काय उमटवेल याचं भान असलेल्या माणसाचा तो निर्णय आहे. जैन परंपरेत जिनांना, म्हणजे तीर्थंकरांना, ‘वीतराग’ म्हणतात ते याच अर्थाने, आसक्ती गेलेला म्हणून.

तुम्ही स्वतः कुठे फसलात?

एका हिंदी कथेत वाक्य होतं. थोडक्यात सांगायचं तर म्हाताऱ्याच्या मनात ‘संसार के प्रति कोई राग नहीं बचा था’. मी लिहिलं, ‘जगावरचा त्याचा राग मावळला होता.’ वाक्य कसं छान मराठी उतरलं! फक्त मूळ म्हातारा जगापासून सुटला होता आणि माझा म्हातारा जगाशी समेट करून बसला होता. पुढच्या पानावर तो घर सोडून जातो, ते माझ्या वाचकाला कळेना. त्या एका वाक्यात दोन सापळे होते, कारण ‘संसार’ हा हिंदीत जग आणि मराठीत घरप्रपंच. तो सापळा मी ओळखला, त्याच्याबद्दल मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, आणि तेवढ्यात शेजारच्यात पाय घातला.

संताप हा अर्थ फक्त मराठीतच आहे का?

नाही. कोकणीत ‘राग’ म्हणजे रागच. बंगालीतही. ‘राग कोरो ना’ म्हणजे रागावू नकोस. ओडियात ‘राग’ वरून थेट ‘रागिबा’ (रागावणं) असं क्रियापद आहे, आपल्या ‘रागावणं’ सारखंच. हिंदी, गुजराती, पंजाबी या पट्ट्यात मात्र चिडण्यासाठी ‘गुस्सा’ आणि त्याचे भाऊबंद. तिथे ‘राग’ म्हणजे सूर किंवा आसक्ती. पश्चिमेला मराठी-कोकणी आणि पूर्वेला बंगाली-ओडिया एका अर्थावर, हा पट्टा दुसऱ्यावर. नकाशावर खूण करून पाहिलं तर हे चित्र मोठं मजेशीर दिसतं.

म्हणून बंगालीतून भाषांतर करताना ‘राग’ दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. पण तिथेही झोपून चालत नाही. वैष्णव पदावलीत, म्हणजे राधाकृष्णाच्या प्रेमावरच्या जुन्या पदांत, ‘पूर्वराग’ येतो. मराठी कानाला तो ‘आधीचा राग’ वाटतो. अर्थ आहे भेटीआधीच, नुसतं पाहून वा ऐकून जडलेलं प्रेम. ज्या भाषेत ‘राग’ म्हणजे संताप, त्याच भाषेत ‘पूर्वराग’ आणि ‘अनुराग’ म्हणजे प्रेम. तसं मराठीतही ‘अनुराग’ प्रेमच आहे. उपसर्ग लागलेले शब्द सहसा जुना अर्थ जपून ठेवतात. एकटा शब्द भटकतो.

संगीतातला अर्थ कुठून आला?

‘मनाला रंगवतो तो’ इथून. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या मतंगाच्या ‘बृहद्देशी’ ग्रंथात रागाची व्याख्या आहे, तिचा गाभा दोन शब्दांत : ‘रञ्जको जनचित्तानाम्’, लोकांच्या चित्तांना रंगवणारा. आरोह, अवरोह, वादी, संवादी हा सुरांचा सगळा हिशेब आहेच, पण शब्द तयार झाला तो ऐकणाऱ्याच्या मनावर काय होतं त्यावरून.

कालिदासाच्या काळी अर्थ अजून पातळच होता. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिका आत गात असते आणि दुष्यंत म्हणतो, ‘अहो रागपरिवाहिणी गीतिः’. रागाने ओसंडून वाहणारं गाणं. सुरांनी की प्रेमाने? दोन्ही चालतं, आणि कवीला तेच हवं असणार. आता मराठी वाचकाच्या पदरात इथे फुकटचा तिसरा अर्थ पडतो. हंसपदिका खरोखरच रुसलेली आहे, त्या गाण्यातून ती राजाला टोमणा मारते आहे, आणि राजा विदूषकाला तिची समजूत काढायला पाठवतो! कालिदासाच्या मनात हे असण्याचं कारण नाही, पण मराठीत शाकुंतल शिकवणाऱ्याने हा मोह टाळू नये.

पंजाबीत गुरू ग्रंथसाहिबची रचना रागांनुसार आहे, मुख्य राग ३१. तिथे कीर्तन गाणाऱ्याला ‘रागी’ म्हणतात. आपल्याकडे ‘तो फार रागी आहे’ म्हटलं तर लोक दोन पावलं मागे सरकतात.

हिंदीतला ‘अपनी डफली, अपना राग’ मराठीत आणताना ‘राग’ ठेवला तर सगळा घोटाळा. ‘जो तो आपलंच तुणतुणं वाजवतो’ हे चालतं.

दक्षिणेकडच्या भाषांत?

शब्द संस्कृतातून गेला, मुख्यतः सुरांच्या आणि प्रेमाच्या अर्थाने. तमिळच्या जुन्या पद्धतीत शब्दाची सुरुवात ‘र’ ने होत नाही, म्हणून लिहिताना ‘इराकम्’ होतो; तमिळचा स्वतःचा जुना शब्द ‘पण्’. मल्याळममध्ये ‘अनुरागम्’ म्हणजे प्रेम, आपल्यासारखंच.

बौद्ध देशांत हा शब्द गेला का?

गेला, आणि जरा बदनाम होऊन गेला. पालीत ‘राग’ म्हणजे वासना, आसक्ती. बुद्धाच्या आदित्तपरियाय सुत्तात सगळं जग तीन आगींनी पेटलेलं आहे, असं येतं : रागाची आग, दोसाची आग, मोहाची आग. यातला ‘दोस’ संस्कृत ‘द्वेष’ चं पाली रूप, म्हणजे आपला राग इथे ‘दोस’ मध्ये आहे. मराठी वाचक नेमका चुकतो, कारण ‘रागाची आग’ हे त्याला काही न समजावताच पटतं!

पालीबरोबर हा शब्द पुढे पसरला. सिंहलीत ‘रागय’ म्हणजे कामवासना. थाईतही तोच अर्थ, उच्चार मात्र ‘राखा’च्या जवळ जाणारा. थायलंडमधल्या माणसाला ‘मला राग आलाय’ हे शब्दशः सांगू नये.

इंग्रजीतला ‘रेज’ आणि आपला राग एकच ना? अर्थही तोच, आवाजही तोच.

दर वेळी कोणीतरी हे मोठ्या आनंदाने सांगतं आणि मला तो आनंद मोडावा लागतो. ‘रेज’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘राबिएस’ वरून. राबिएस म्हणजे वेड, पिसाळणं. कुत्रा चावल्यावर ज्याची लस घेतात तो रेबीज म्हणजे हाच शब्द. त्याच्यात रंगाचा थेंबही नाही. शब्दकोशांत लॅटिन राबिएसचं नातं संस्कृत ‘रभस’शी (आवेग, झपाटा) जोडलेलं आढळतं. ते धरलं तर ‘रेज’चा चुलतभाऊ आपला ‘संरंभ’ ठरेल, राग नव्हे.

रागाचं इंग्रजीतलं खरं रूप म्हणजे ‘रागा’, फक्त संगीताचा. विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये हिंदू संगीतपद्धतीवर निबंध लिहिला, तो १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या वाचकांना रागांची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या लेखनात त्याची गणना होते.

‘रॅगटाइम’ आणि जमैकाचं ‘रागा’ संगीत, यांचा तरी आपल्या रागाशी संबंध असेल?

नाही. पहिला ‘फाटक्यातुटक्या लयीचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला, दुसरा ‘रागामफिन’ म्हणजे उनाड पोर, याचं लघुरूप. दोन्ही संगीताचेच प्रकार निघाले हा निव्वळ योगायोग.

आणखी कुठल्या भाषांत ‘राग’ असा आवाज ऐकू येतो?

पुष्कळ. इटलीत तरुण मुलं एकमेकांना ‘रागा!’ म्हणून हाक मारतात. ‘रागात्सी’, म्हणजे पोरांनो, याचा तो तुकडा. स्वाहिलीत ‘रागा’ म्हणजे रग्बीचा खेळ. लिथुआनियन भाषेत ‘रागास’ म्हणजे शिंग. हंगेरियन व्याकरणात ‘रॉग’ म्हणजे शब्दाला लागणारा विभक्तीसारखा प्रत्यय. यांतल्या कोणाचाही आपल्या रागाशी संबंध नाही.

इंडोनेशियन भाषेत ‘रागा’ म्हणजे शरीर. ‘जिवा रागा’ म्हणजे जीव आणि देह, आणि त्यातला ‘जिवा’ आपल्या ‘जीव’ चाच. ‘ओलाहरागा’, म्हणजे देह कमावणं, हा त्यांचा खेळ-व्यायामासाठीचा रोजचा शब्द. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर हे अक्षर रोज छापलेलं असतं.

सर्वांत जवळून जाणारा पण नात्यात नसलेला शब्द म्हणजे फारसी ‘रग’, म्हणजे शीर. हिंदीतलं ‘रग-रग’ आणि मराठीतलं ‘रगारगात’ तिथून आलं. फारसीत अभिमान डिवचला गेला की माणसाची ‘रगे गैरत’ फुगते, म्हणजे मानेची शीर ताठ होते. आपणही ‘त्याच्या कपाळाची शीर तडतडली’ म्हणतो. तर एकाला संतापाचा रंग दिसला, दुसऱ्याला शीर दिसली. शब्द मात्र कानामात्रेच्या फरकाने शेजारी येऊन बसले.

‘रागलोभ’ मध्ये राग कुठला?

आपलाच, संतापाचा. पण इथे दुसऱ्या शब्दाने उडी मारली आहे. संस्कृतात लोभ म्हणजे हाव. मराठीत पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितात, तेव्हा कोणी कोणाच्या हावेची अपेक्षा करत नसतं. लोभ म्हणजे माया, जिव्हाळा. त्यामुळे मराठी ‘रागलोभ’ म्हणजे रुसणं आणि माया करणं, अशी विरुद्ध जोडी. हाच समास जुन्या संस्कृत अर्थाने वाचला तर आसक्ती आणि हाव, म्हणजे दोघंही एकाच बाजूचे. राग तिकडून इकडे आला, लोभ इकडून तिकडे गेला, आणि जोडी तशीच राहिली.

एखाद्या वाक्यात कुठला राग आहे हे ओळखायचं कसं?

सोबतच्या क्रियापदाकडे पाहा. राग आळवला, मांडला, गायला, बांधला : सूर. राग धरला, गिळला, आवरला, काढला : संताप. फक्त ‘येणं’ हे क्रियापद दोन्हीकडे चालतं आणि तिथे इलाज नाही. एका ओळखीच्या गायिकेबद्दल कोणी विचारलं, ‘त्यांना राग येतात का?’ तर त्यांचा नवरा म्हणाला, ‘बरेच येतात. सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे.’